मुदत संपली म्हणजे भूक संपली काय?

पोटगी या शब्दात पोट आहे, हे कोर्टाची पायरी चढली की सगळे विसरतात. वकील विसरतो, शिरस्तेदार विसरतो, पोराचा बाप तर आधीच विसरलेला असतो. मग उरतो तो अर्ज, अर्जाचा नंबर, तारीख आणि मुदत. पोराला रोज भूक लागते, तिला तारीख नसते.

दोस्तहो, या अंकाचं संपादकीय पोटगीवर आहे. नाक मुरडून पान उलटू नका. बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा आपलेच दोघंतिघं म्हणाले, हा बायकांचा घरगुती मामला, यात राजकारण कुठाय? राजकारण कुठाय ते सांगतो. उशीर झाला तर कोणाला माफ आणि कोणाला नाही, हे ज्या देशात माणूस बघून ठरतं, तिथं घड्याळ हेसुद्धा राजकारणच असतं.

आधी कायद्याचं घड्याळ समजून घ्या. ते एक नाही, चारपाच आहेत, आणि प्रत्येकाचा काटा वेगळा. फॅमिली कोर्टानं फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीचा हुकूम दिला आणि तो पटला नाही, तर त्यावर अपील नाही. रिव्हिजन आहे, आणि ती थेट हायकोर्टात. हुकूम मॅजिस्ट्रेटनं दिला असेल तर सेशन्स कोर्टात जाता येतं. मुदत नव्वद दिवस; १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात तशी नोंद आहे. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचा हुकूम असेल तर अपील तीस दिवसांत, पण तिथं निदान हुकूम हातात पडल्यापासून दिवस मोजतात. नव्वदचं तसं नाही. हुकूम झाला की काटा सुरू. तू त्या दिवशी कोर्टात होतीस का, तुला कोणी सांगितलं का, तुला तो वाचता येतो का, याच्याशी काट्याला देणंघेणं नाही. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन नागरिक सुरक्षा संहिता आली, १२५ चं १४४ झालं. कलमांचे नंबर बदलले, काटा तसाच फिरतोय.

आता कोर्टाचं स्वतःचं घड्याळ बघा. खटला चालू असताना अंतरिम पोटगी मागितली तर त्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत लावावा, असं २००१ च्या दुरुस्तीनं लिहिलंय. पण त्या वाक्यात एक गोड शब्द घालून ठेवलाय: शक्यतो. साठाचे दोनशे झाले, चारशे झाले, तरी कोर्टाला कोणी विचारत नाही की बाबा, उशीर माफीचा अर्ज दे. 'शक्यतो' हा शब्द त्यांच्यासाठी. आमच्या नव्वद दिवसांत 'शक्यतो' नाही.

आमच्या गल्लीतल्या एका बाईचं सांगतो. नाव छापणार नाही, तिनंच नको म्हणून सांगितलंय. चार घरची धुणीभांडी करते. नवरा टेम्पो चालवतो, दुसरीकडे संसार मांडून बसलाय. पोरगा सात वर्षांचा. तिनं पोरासाठी महिना सहा हजार मागितले, कोर्टानं दीड हजार दिले. दिवसाला पन्नास रुपये. अर्धा लिटर दूध आणि एक वडापाव, की संपला बापाचा वाटा. शाळेची वही, पायातली चप्पल, ताप आल्यावरची गोळी, हे सगळं आईच्या मनगटातून निघणार.

हुकूम झाला १२ जूनला. तेव्हा ती कोर्टात नव्हती, एका घरी लग्नाचे पाहुणे होते, सुट्टी मिळाली नाही. वकील म्हणाला, काम झालं, पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांनी वकिलाचा फोन बंद. जुलैत खोलीत गुडघाभर पाणी. ऑगस्टमध्ये पोराला डेंग्यू, सरकारी दवाखान्यात नऊ दिवस, त्यातच दोन घरची कामं सुटली. सप्टेंबरमध्ये वकिलाच्या हाताखालच्या पोरानं एक कागद दिला. सगळा इंग्रजीत. तो तिनं ज्या घरी काम करते तिथल्या बाईंना दाखवला. बाईंनी वरचेवर चाळून सांगितलं, तुझ्या बाजूनं लागलाय गं! हे जिंकणं म्हणजे पन्नास रुपये रोज, हे तिला कळलं ते पहिली मनीऑर्डर नव्हे, पहिली थकबाकी हातात आली तेव्हा. माझ्याकडं ती आली ५ नोव्हेंबरला, प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन. मी बोटं मोजली. एकशे सेहेचाळीस दिवस. मुदत संपून छप्पन दिवस झाले होते.

कायद्यात यावर वाट आहे. मुदतीच्या कायद्याचं कलम ५ सांगतं, उशिराला पुरेसं कारण दाखवलंत तर वरचं कोर्ट तुमचं प्रकरण मुदतीनंतरही दाखल करून घेऊ शकतं. रिव्हिजनसोबत वेगळा अर्ज जोडायचा, शपथपत्र करायचं, आणि कोणत्या तारखेला काय घडलं ते कागदपत्रांसकट मांडायचं. या अर्जाला कोर्टाच्या बोलीत म्हणतात विलंब माफीचा अर्ज.

आम्ही टायपिंगवाल्याकडं बसलो. त्याच्याकडं साचा तयारच होता. त्यानं न विचारता बडवायला सुरुवात केली: अर्जदार ही गरीब, अडाणी व कायद्याचे ज्ञान नसलेली स्त्री असल्यामुळे... मी मोठ्यानं वाचून दाखवलं तशी ताई उसळली.

"अडाणी कोणाला लिवतो रे? सातवी झालेय मी. कागद त्यांनी इंग्रजीत द्यायचा आणि अडाणी मी?"

टायपिंगवाला म्हणाला, बाई, असंच लिहितात, त्यानं जजसाहेबांना दया येते.

"दया नको मला. आणि भाऊ, हे माफी माफी काय लावलंय? माफी मी कशाची मागायची? पोरगं मी टाकलं का?"

मी तिला सांगितलं, ताई, हा कायद्यातला शब्द आहे, तो घालावाच लागतो. सांगितलं खरं, पण तो शब्द माझ्याही घशात अडकला. पोरगं टाकून गेलेल्या माणसाला कोर्टात माफी मागावी लागली नाही. पाणी तुंबवणाऱ्या मुन्शिपाल्टीला नाही, फोन बंद करणाऱ्या वकिलाला नाही. माफी मागायची तिनं, कारण ती पोराच्या उशाशी बसली होती तेव्हा नव्वदावा दिवस उलटून जात होता.

अडाणी शब्द आम्ही खोडला. त्याच्या जागी घडलं ते लिहिलं. आणि इथं ताईनं मला एक गोष्ट शिकवली, जी कुठल्या वकिलानं शिकवली नव्हती. पिशवीतून तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. कामावरचे खाडे ती त्यावर फुल्या मारून ठेवते, महिन्याच्या पगारातून मालकिणींनी जास्त कापू नये म्हणून. जुलैच्या तीन फुल्या पाण्याच्या. ऑगस्टच्या फुल्यांची रांगच, आणि दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावरच्या तारखांशी एकही फुली चुकत नव्हती. वकिलाकडं मारलेल्या खेपा वेगळ्या, गोल काढून. एकशे सेहेचाळीस दिवसांचा हिशोब! तो कोर्टाच्या साच्यातल्या 'अज्ञान' या एका शब्दापेक्षा कितीतरी पक्का पुरावा होता. अर्जाला कॅलेंडरची पानं जोडली. प्रकरण दाखल आहे, नवऱ्याला नोटीस निघाली आहे, त्याचा वकील उशिरावर हरकत घेणार हे उघड आहे. निकाल काय लागायचा तो लागेल. पण अर्जात ती गयावया करत उभी नाही.

आता उशीर माफ कोणाकोणाला होतो ते बघू. १९८७ साली सुप्रीम कोर्टापुढं जम्मू-काश्मीरमधलं एक प्रकरण आलं. जमीन सरकारनं घेतलेली, भरपाई वाढवून मिळालेली, म्हणून सरकार अपिलात. अपील करणारा कोण? कलेक्टर. उशीर चार दिवसांचा. हायकोर्टानं अपील मुदतबाह्य म्हणून फेकलं होतं. सुप्रीम कोर्टानं उशीर माफ केला आणि सांगितलं की मुद्दाम उशीर करून सहसा कोणाचा फायदा होत नाही. दिवसादिवसाचा हिशोब द्या याचा अर्थ तासातासाचा आणि सेकंदासेकंदाचा द्या असा नसतो. आणि तांत्रिक अडचण एका बाजूला, न्याय दुसऱ्या बाजूला असेल तर कोर्टानं न्यायाकडं झुकावं. सरकारी यंत्रणेत फाईल हलायला वेळ लागतो, हेही कोर्टानं समजून घेतलं. निकाल चांगलाय, दोस्तहो. उशीर माफीच्या अर्जात आजही तो हमखास घालतात, आम्हीही घातला. पण गंमत बघा, गरिबाच्या उपयोगी पडेल असा हा निकाल जन्माला आला तो कलेक्टरच्या चार दिवसांसाठी. फाईल टेबलावरून टेबलावर जाताना लागणारा वेळ न्यायमूर्तींना समजला. चार घरची भांडी घासून, पोराला दवाखान्यात ठेवून, वकिलाच्या बंद दारावर खेपा मारताना लागणारा वेळ समजायला मात्र कॅलेंडर जोडावं लागतं.

सरकारचे लाड कायम चालतात असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. २०१२ मध्ये टपाल खात्यानं ४२७ दिवस उशिरा अपील केलं. फाईल अमक्याकडं होती, तमक्याकडं होती, ही नेहमीची रडगाणी सुप्रीम कोर्टानं ऐकून घेतली नाहीत आणि खात्याला बाहेरचा रस्ता दाखवला. बरं झालं. हाताशी वकिलांची फौज, कारकून, पट्टेवाले असताना ४२७ दिवस लागत असतील तर त्याला पुरेसं कारण म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

आणि काटा थांबवताच येत नाही, ही थाप कोणी मारली तर त्याला कोरोनाची आठवण करून द्या. १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ मुदतीत धरायचाच नाही, असं सुप्रीम कोर्टानं स्वतःहून ठरवलं. या काळात ज्यांची मुदत संपली त्यांना १ मार्च २०२२ पासून नव्वद दिवस जादा दिले. सगळ्या देशाला. कोणाला माफीचा अर्ज करावा लागला नाही, अडाणी म्हणवून घ्यावं लागलं नाही. बरोबरच केलं. माणसं घराबाहेर पडू शकत नव्हती. माझा प्रश्न एवढाच की पाण्यात बुडालेल्या खोलीतली बाई तरी घराबाहेर कशी पडणार होती? साथ सगळ्यांच्या दारात आली तेव्हा घड्याळ थांबलं. आमच्या वस्तीत दरसाल पावसाळ्यात येणारी साथ एकट्या आमचीच असते, म्हणून घड्याळ चालू राहतं.

पण व्यवस्थेला शिव्या देऊन झाल्यावर जरा आपल्याच घरात येऊ. कारण पोटगीच्या कोर्टात समोरच्या बाजूला उभे असलेले बाप कोण आहेत? सगळे काही वाड्यांतले नाहीत. आपलेही आहेत. मोर्चात पहिल्या रांगेत, कोर्टात गैरहजर. गळ्यात निळा गमछा, तोंडात जयभीम, आणि बेलिफ समन्स घेऊन आला की मागच्या दारानं पसार. मग हुकूम एकतर्फी होतो. एकतर्फी हुकूम रद्द करून घ्यायला कायद्यात तीन महिने आहेत. हे महाशय सहा महिन्यांनी उगवतात, हातात उशीर माफीचा अर्ज, कारण काय तर समन्स मिळालं नाही, सामाजिक कामात होतो. आणि तोवर पोराच्या हातावर एक रुपया नाही. सामाजिक काम! अरे, ज्याचं स्वतःचं पोरगं शेजाऱ्याच्या घरी जेवतंय त्यानं कोणत्या समाजाचं काम केलं?

अशांना सांगतो, कान उघडे ठेवून ऐका. नुसता अर्ज टाकल्यानं, नुसती रिव्हिजन केल्यानं पोटगी थांबत नाही. वरच्या कोर्टानं स्थगिती दिली तरच थांबते. थकबाकीवर वॉरंट निघतं, आणि भरली नाही तर महिन्याच्या थकबाकीमागं महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आत जाऊन आलो की हिशोब फिटला असं समजणारे मूर्ख आहेत. तुरुंग भोगला तरी देणं फिटत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८८ मध्येच सांगून ठेवलंय.

आता दुसरी बाजू. कंत्राटावर झाडू मारणारा एक पोरगा माझ्या माहितीत आहे. महिन्याला हातात बारा हजार, एकतर्फी हुकूम आठ हजारांचा, कारण समोरून त्याला कायम नोकरी आहे असं लिहून दिलेलं. समन्स खरोखरच जुन्या पत्त्यावर गेलं होतं, ती झोपडी पाडलेली. त्यालाही जादा मुदत मिळाली पाहिजे. त्याचीही बाजू ऐकली पाहिजे. नोव्हेंबर २०२० च्या निकालानं सुप्रीम कोर्टानं दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र बंधनकारक केलंय. ते त्यानं खरंखुरं द्यावं, आणि जेवढं परवडतं तेवढं पोराच्या नावानं त्याच दिवसापासून द्यायला लागावं. मी आईची बाजू घेतो म्हणजे प्रत्येक बाप चोर म्हणतो असं नाही.

पण या दोन उशिरांना एकाच तागडीत तोलणं मला मान्य नाही. आईला उशीर झाला, तर तो उशीर पोरगं खातं. बापाला उशीर झाला, तर तोही पोरगंच खातं. पैसे ज्याला मिळायचेत त्याचा उशीर आणि ज्यानं द्यायचेत त्याचा उशीर, हे सारखे कसे? म्हणून आमची मागणी अशी: बापाला जादा मुदत हवी तर त्यानं थकबाकीतला भाग आधी कोर्टात भरावा, मग बोलावं. काही कोर्टं तशी अट घालतातही. ती मर्जीवर न राहता नियम व्हावी. आणि आईचे, पोराचे नव्वद दिवस मोजायचे ते हुकूम तिला वाचता येईल अशा भाषेत तिच्या हातात पडल्यापासून मोजावेत.

एक काटा तर सरळसरळ आईच्याच मागं लावलेला आहे, आणि तो बहुतेकींना माहीत नसतो. थकलेली पोटगी वसूल करायचा अर्ज ती थकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. वर्ष उलटलं की त्या महिन्याच्या रकमेसाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. बाप दोन वर्षं तोंड लपवून बसला, आणि आई 'देईल, देईल' म्हणून थांबली, की जुने महिने हातातून गेले. थांबण्याची किंमत तिनं भरायची, लपण्याचं बक्षीस त्याला! म्हणून बायांनो, त्याच्या गोड बोलण्यावर वर्ष घालवू नका. सहा महिने थकले की अर्ज टाका.

मुदत गेलीच आणि माफीही नाकारली, तरी सगळी दारं बंद होत नाहीत. परिस्थिती बदलली तर पोटगी वाढवून मागता येते, आणि या अर्जाला नव्वद दिवसांची अट नाही. जुनं कलम १२७, नवं १४६. पोरगं बालवाडीतून शाळेत गेलं, फी वाढली, आजारपण मागं लागलं, बापाची कमाई वाढली, ही सगळी बदललेली परिस्थिती. ज्या बाईनं रिव्हिजन गमावली तिनं घरी बसायचं नाही.

हुकुमाची नक्कल ज्याच्या बाजूनं पोटगी मिळाली त्याला फुकट मिळते, तसं कायद्यात लिहिलंय. जुनं १२८, नवं १४७. कारकून पैसे मागेल. देऊ नका, कलम दाखवा. नकलेचा अर्ज मुदतीच्या आत, शक्यतो पहिल्याच आठवड्यात टाका, कारण नक्कल मिळायला जितके दिवस लागतात तितके मुदतीतून वगळतात. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी मुदत घालवू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली बाई आणि लेकरू यांना फुकट वकील हा हक्क आहे, तिथं उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही तसाच. झाडूवाला पोरगाही त्यात येतो. प्रत्येक जिल्हा कोर्टात हे ऑफिस आहे, हायकोर्टात वेगळी समिती आहे. तिथला वकील ढिला निघाला तर दुसरा मागा. फुकटचा आहे म्हणून तो उपकार करत नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता आपल्या समाजमंदिरात आम्ही चौघं टेबल टाकून बसणार आहोत. दोन लॉ कॉलेजची पोरं, एक टायपिंग येणारी पोरगी आणि मी. येताना हुकूम आणा, कळत नसला तरी आणा, वाचून दाखवू. दवाखान्याचे कागद, भाड्याची पावती, शाळेच्या फीची पावती, नवऱ्याच्या कामाचा पत्ता, असेल ते आणा. आणि गेल्या वर्षाचं कॅलेंडर रद्दीत घातलं नसेल तर तेही घेऊन या, खाड्यांसकट.